तुळईखालचा ढीग

रविवार, ९ फेब्रुवारी १९५८. पुसद.

सापडलं! हेडमास्तर ज्याला चारचौघांत 'रंगवाले' म्हणतात, ज्याचा तास गणिताचे मास्तर खुशाल मागून घेतात, त्या कमलाकर ड्रॉइंग मास्तरला सापडलं.

वाघजाळीचं पडकं हेमाडपंती देऊळ. आठ मैल सायकल, त्यातले शेवटचे दोन मैल सायकलच हातात धरून. उजाडायच्या आत पोचलो. शिखर कधीच ढासळलंय, पण खांब उभे आहेत, आत गाभारा आहे, गाभाऱ्यात नाकडोळे झिजलेली देवी आहे. तोंड पूर्वेला. गेल्या रविवारी उगवतीचं ऊन आत उजव्या भिंतीवर जिथं पडलं तिथं खडूनं रेघ मारून ठेवली होती. आज ते चार बोटं गाभाऱ्याकडे सरकलं होतं! घरी येऊन पंचांग आणि भूगोलाच्या मास्तरांचं होकायंत्र घेऊन बसलो. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवशी, एकवीस मार्चला, ऊन दारातून सरळ देवीच्या पावलांवर पडणार. आणि यंदा एकवीस मार्चलाच पाडवा आहे!

अडचण एकच. दाराच्या मधोमध दगडांचा एक भला मोठा ढीग आहे. खाली गाडीच्या चाकाएवढा रुंद, वर निमुळता होत थेट दारावरच्या दगडी तुळईला टेकलेला. बाजूनं एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. कोणी रचला देव जाणे. तुळईला मधोमध चीर आहे, पेन्सिलीचं टोक आत जातं. सातशे वर्षांची तुळई, एवढी चीर तिला शोभते.

पुरातत्त्वखात्याच्या नागपूरच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं. चौथा कागद फाडला.

रविवार, १६ फेब्रुवारी

ढिगाचं कोडं सुटलं. देवळापासून हाकेच्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथला लालसिंग नावाचा म्हातारा आज काठी टेकत आला.

"रामराम गुरुजी. काय पाहून राह्यले बाप्पा तुमी या पडक्यात?"

मी ढिगाचं विचारलं. तो हसला. म्हणाला, "आमचा आजा बैलाईवर मीठ लादून फिरे. इथं तांडा उतरे. तवाच ही तुळई तडकली. आजा म्हने, आपन बी ओझं वाहतो, हे बी ओझं वाहून राह्यली, इले हात द्या. तवापासून बाजारातून येनारा हर गोरमाटी, आमचा बंजारा मानूस, एक दगड आनते अन् इच्या खाली घालते."

माझ्यादेखत एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटी खाली ठेवली, पदराआडून मुठीएवढा दगड काढला, ढिगात चिरी शोधून नीट ठोकून बसवला आणि गेली. हात जोडले नाहीत, काही पुटपुटली नाही. मला मोठी गंमत वाटली. दगडाला हात द्यायचा! घरी येऊन शीलेला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात हसण्यासारखं काय आहे?"

हिला विनोद कळत नाही, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी विसरतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पत्र आलं! साहेब पाडव्याच्या सुमारास दौऱ्यावर पुसदला मुक्कामाला असतील, एकवीसला पहाटे जीपनं वाघजाळीला येतील. "आपण लिहिता तसं असल्यास देवळाची नोंद संरक्षित वास्तूंत व्हावी, असा प्रस्ताव ठेवता येईल." हे वाक्य मी सात वेळा वाचलं. प्रस्तावात शोधणाऱ्याचं नाव घालतात म्हणे.

हेडमास्तरांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि आज पहिल्यांदा मला 'कमलाकरराव' म्हणाले. सातवीची बावीस मुलं न्यायची ठरली. उन्हाचा पट्टा पडेल तेव्हा दारात कुणीतरी निरांजन घेऊन उभं असावं, म्हणजे फोटो छान येईल, ही कल्पना माझी. उभी राहील आमची कुंदा. नऊ वर्षांची आहे, अंगानं लहान, उन्हाला आडवी येणार नाही.

रविवार, २ मार्च

आज ढिगाच्या बाजूनं घुसून दोरी ताणून पाहिली. ऊन आता गाभाऱ्याच्या चौकटीला लागलंय. पण पाडव्याला ते बरोबर मधून येणार आणि बरोबर मधे ढीग. देवीच्या पावलांवर ऊन नाही, ढिगाची सावली पडेल. साहेब नागपूरहून येणार ते सावली पाहायला!

ढीग हलवायलाच हवा. लालसिंगला म्हटलं, तुझ्या तांड्याची माणसं लाव, पाडवा झाला की परत रचा हवं तर. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "दगड मांगू नोका गुरुजी. दुसरं काई बी मांगा. पोराइले आनाले माही बैलजोडी घेऊन जा. दगड नाही निंघत."

"अरे, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"तिले थोडीच समजते तीन हप्ते?"

तिला म्हणजे तुळईला. काय बोलायचं या माणसांशी?

पेन्सिल आज निम्मी आत गेली. बहुधा गेल्या खेपेला मी नीट घातली नसावी.

गुरुवार, ६ मार्च

तांड्याची होळी पहाटे पेटते. पुन्हा विचारून पाहावं म्हणून कुंदाला सायकलवर पुढे बसवून गेलो. सण आहे, माणसं खुशीत असतील, हो म्हणतील, असा डाव. लालसिंग डफ वाजवत होता, बाया फेर धरून गात होत्या. लालसिंगची बायको सुखीबाई हिनं कुंदाला जवळ ओढलं.

"नाव काय व बाई तुहं?"

"कुंदा."

"कुंदा! घे, गूळ खाय." आणि आपल्या ओढणीची एक कवडी उसवून तिच्या वेणीच्या फितीला बांधली. मी लालसिंगला म्हटलं, बघ, ही माझी पोरगी, पाडव्याला देवीसमोर हीच निरांजन घेऊन उभी राहणार आहे. वाटलं होतं, यानं तरी तो विरघळेल. पण त्याचा चेहराच उतरला.

"कोठी उभी राहीन?"

"दारात."

तो डफ वाजवायचा थांबला तेवढा.

परतताना देवळापाशी कुंदा उतरली. पाहतो तो हिनं वाटेतला एक दगड उचलून ढिगात खोचला! म्हटलं, "हे काय?" तर म्हणते, "सुखीआजी म्हणाली, येणाऱ्यानं घालायचा असतो." मी तो काढून फेकला. पोर हिरमुसली. मला वाईट वाटलं, पण नवे दगड घालायला मी माझ्याच मुलीला घेऊन येतो की काय?

बुधवार, १२ मार्च

गाडीवान उकंडा तयार झाला. तो तांड्याचा नाही, गावचा. पहार आणि घण त्याचाच. "काहून काढता पण?" असं दोनदा विचारलं त्यानं. मी त्याला सूर्याचं गणित समजावलं. त्यानं मान हलवली, बहुधा मी बोलणं थांबवावं म्हणून.

रविवार, १६ मार्च

ढीग निघाला. सबंध दिवस गेला. दगड नुसते रचलेले नव्हते. प्रत्येक चिरीत चिप ठोकलेली, हाताला हलत नव्हते. चांगल्या गवंड्याला जमणार नाही इतकं पक्कं. शंभर वर्षं नुसतं येता जाता रचलेलं! मनात कौतुक वाटलं हे खरं आहे, आणि ते इथं लिहायला हरकत नाही, उकंडाला मी ते बोललो नाही.

वरचा दगड मात्र निघेना. पहार लावली, घणाचे दहा घाव घातले. निघाला तेव्हा वर 'कण्ण' असा आवाज झाला आणि माझ्या डोक्यावर, खांद्यावर दगडाची भुकटी पडली. उकंडा उडी मारून बाहेर गेला तो परत आत येईना.

"मास्तर, बाहीर या. तुळई बोलली."

"अरे, जुन्या इमारती उन्हानं वाजतात. आमच्या घराचं छप्परही दुपारी वाजतं."

पुढचे दगड मीच बाहेर ढकलले. चीर पाहिली. अख्खी पेन्सिल आत गेली आणि पडली, परत मिळाली नाही. चांगली एच.बी. होती.

जागा मोकळी झाल्यावर काय दिसतं म्हणून सांगू! दारातून थेट देवी. मी खडूनं जमिनीवर एक गोल काढला, बरोबर तुळईखाली. कुंदाची जागा. मागे लालसिंग येऊन उभा होता, केव्हा आला कळलं नाही.

"इथंच?" त्यानं काठीनं गोल दाखवला.

"इथंच."

"किती वखत?"

"ऊन सरकेपर्यंत. दहा-बारा मिनिटं."

त्यानं वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "गुरुजी, पोरगीले बाहीर उभी करा."

"बाहेर उभी राहिली तर फोटोत देवी कशी येईल?" मी हसलो. तो हसला नाही. म्हाताऱ्याला माझा यशाचा दिवस बघवत नाही, असं क्षणभर मनात आलं. आता लिहिताना तो विचार हलका वाटतो, पण आला होता.

बुधवार, १९ मार्च

संताप संताप झाला आज. शाळा सुटल्यावर सायकल मारत गेलो, शेवटची पाहणी म्हणून. तर तुळईखाली पुन्हा दगड! गुडघ्याएवढा ढीग. तीन दिवसांत! मी एकट्यानं सगळे उचलून ओढ्यात टाकले, नखं फुटली. मग सरळ तांड्यात गेलो आणि सगळ्यांसमोर लालसिंगला सुनावलं. पाडव्यापर्यंत तिथं एक जरी दगड दिसला, तरी ठाण्यात नावं देईन, एकट्या तुझं नाही, सगळ्या तांड्याचं!

सगळे एकदम मागे सरले. ठाण्याचं नाव काढलं की ही माणसं अजून दचकतात. गुन्हेगार जमात म्हणून रोज ठाण्यात हजेरी द्यायला लागायची ते दिवस विसरलेली नाहीत. मला ते ठाऊक होतं. म्हणूनच म्हणालो.

लालसिंगचा मुलगा किसनसिंग पुढे आला, "नाही टाकनार कोनी. जा तुमी." म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "पोरगी येनारच हाय ना?"

"येणार म्हणजे येणारच."

घरी शीलेला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, सत्तर वर्षांचा माणूस पुन्हा पुन्हा दगड उचलतोय. तो कशाला भितोय ते तरी विचारायचंत." मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, "मला नाही कळत. तुम्हाला कळतंय ना, मग कुंदाच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, काही होणार नाही म्हणून." मी म्हटलं, असल्या शपथा अडाणी लोक घेतात. शपथ घेतली नाही.

गुरुवार, २० मार्च

उद्याचा बेत, म्हणजे घाईत काही राहायला नको:

तीन वाजता उठणे. कुंदाचं नवं परकर-पोलकं, वेणीत गजरा (कवडी काढत नाहीये, राहू दे). साडेतीनला शाळेपाशी, तीन गाड्या, बावीस मुलं, मोजून. निरांजन, फुलवाती, तुपाची डबी, काड्यापेटी दोन. सहा वाजून दहा मिनिटांनी देऊळ. मुलं बाहेर ओळीत. सव्वासहाला साहेब आणि हेडमास्तर जीपनं. सहा पंचवीसला कुंदा गोलात. सहा एकतीसला ऊन टेकडीवरून दारात.

भूगोलाच्या मास्तरांचं घड्याळ मागून आणलं आहे. माझं दोन मिनिटं मागे पडतं.

शुक्रवार, २१ मार्च. पाडवा.

आज लिहवत नाही.

शनिवार, २२ मार्च

लिहायला हवं. नाहीतर मीच उद्या काहीतरी वेगळं सांगू लागेन.

सगळं वेळेवर झालं. गाड्यांत मुलं गाणी म्हणत होती. कुंदा माझ्या मांडीवर निरांजन धरून जागी. देवळाजवळ आलो तर दारापाशी पांढुरकं धुकं दिसलं. मी उकंडाला म्हटलं, मार्चात धुकं? त्यानं बैल थांबवले. "धुकं नाही मास्तर. धुरळा हाय."

मी मुलांना गाडीतच बसायला सांगून पळालो. तुळई मधोमध मोडून खाली आली होती. दोन तुकडे. वरची छताची शिळाही सोबत. खाली लालसिंग होता. छातीपासून खाली काही दिसत नव्हतं. एक हात बाहेर, हातात दगड. बाजूला नीट रचलेले अकरा दगड, चिपा ठोकून, माझ्या खडूच्या गोलात. गोल अर्धा पुसला होता.

तो गेला होता. अंग अजून गरम होतं. मी तुळईला हात घालून ओढत होतो, उकंडानं मला धरून मागे घेतलं.

तेवढ्यात ऊन आलं. मी गणित केलं होतं तसंच, एका बोटाचाही फरक नाही. त्या मोडक्या दारातून, त्याच्या हातावरून, थेट देवीच्या पावलांवर. साहेब तोपर्यंत पोचले होते. त्यांनी टोपी काढून मान खाली घातली होती. हेडमास्तर मुलांना मागे लोटत होते. आणि मी घड्याळ पाहिलं. सहा एकतीस. देवा, मी त्या वेळी घड्याळ पाहिलं!

मागे कुंदा उभी होती. गाडीतून कधी उतरली कळलं नाही. निरांजन हातात तसंच, न पेटवलेलं. "बाबा, मी कुठं उभी राहू?" तिनं विचारलं.

मंगळवार, २५ मार्च

पंचनामा झाला. जमादार माझ्या समोर बसून लिहीत होते. तांड्याचा माणूस, पहाटेची वेळ, पडकं देऊळ, म्हणजे दुसरं काय करत असणार? पुरलेलं धन उकरत होता. आधाराचे दगड त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी काढले, त्यामुळे वास्तू कोसळली. किसनसिंगला आणि आणखी दोघांना धरून नेलंय.

"तुमी काई वेगळं पाह्यलं काय मास्तर?" जमादारांनी विचारलं.

हेडमास्तर शेजारीच होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "शाळेचं नाव आहे, कमलाकरराव." उकंडा दाराशी उभा राहून माझ्याकडे पाहत होता.

मी सही केली. सही नेहमीसारखी छान आली, अक्षर माझं आहेच वळणदार.

घरी आल्यावर शीलेनं ताट वाढलं आणि आत गेली. कुंदा वेणीतली कवडी सारखी चाचपते. शाळेत जात नाही म्हणते.

शनिवार, २९ मार्च

साहेबांचं पत्र. झाल्या प्रकाराबद्दल खेद, देवळाची नोंद आता शक्य नाही, "तथापि आपलं सूर्यकिरणांचं निरीक्षण अचूक होतं." पत्र चुलीत घातलं.

रविवार, ३० मार्च

तांड्यात गेलो. सायकल बाहेरच ठेवली. मला पाहून बाया आपापल्या झोपड्यांत गेल्या, एक कुत्रं तेवढं भुंकत राहिलं. सुखीबाई अंगणात बसली होती. दंडातले पांढरे चुडे उतरलेले, तिथली कातडी लहान पोराच्या अंगासारखी गोरी दिसत होती.

मला वाटलं होतं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोरगी बरी हाय?" तिनं विचारलं.

"बरी आहे."

"त्यायचं एकच चालू होतं. पोरगी तेथी उभी राहीन, पोरगी तेथी उभी राहीन. किसन म्हने, बाप्पा, मास्तर ठान्यात नाव देईन, नोको जाऊ. दोन दिवस आमी त्याइले घरात बशवून ठेवलं. पाडव्याच्या पायटे आमी झोपेतच होतो, अन् हे गेले."

मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. ढीग मी काढला. वरचा दगड घणानं मी काढायला लावला. तुळई वाजली ती मी ऐकली. गुडघ्याएवढे दगड त्यांनी परत घातले होते तेही मीच ओढ्यात टाकले. ते राहिले असते तर लालसिंगबाबा... एवढं बोलून मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडलो, लाज वाटली नाही.

सुखीबाई ऐकत होती. माझं रडणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मले माहीत हाय गुरुजी हे समदं. तांड्याले माहीत हाय. ठान्यात सांगा ना. माह्या पोराले तेथी मारून राह्यले. मले कायले सांगता?"

मी उठलो, सायकल घेतली. घरी आलो. शीलेला म्हटलं, नोकरी जाईल बहुतेक, कदाचित आणखीही काही होईल. ती म्हणाली, "सकाळी भाकरी बांधून देते."

उद्याचा बेत:

पाच वाजता उठणे. सव्वापाचला निघणे, कुणाशी बोलत न बसता. शाळेवरून जाणे नाही, हेडमास्तर उठलेले असतात. उकंडाला वाटेत घेणे, तो येतो म्हणालाय. सूर्य उगवतीला ठाण्याच्या पायरीवर असणे. आधी सही केलेला पंचनामा खोटा आहे हे सांगणे, मग बाकीचं. बोलताना गडबडलो तर ही वही पुढे ठेवणे, तारखांसकट सगळं यात आहे.

वही परत मिळेल असं नाही.